एकलव्याचा अंगठा, तीन बोटे आणि तुमचे आखूड धनुष्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लबमध्ये रिकर्व्हवर, म्हणजे टोके पुढे वळलेल्या स्पर्धेच्या धनुष्यावर, तीन बोटांनी दोरी ओढायची पक्की सवय झालेल्या एका तिरंदाजाने हौसेने तुर्की घडणीचे ५० इंचांचे आखूड धनुष्य घेतले. त्यावर अनामिका सोलवटते आणि बाण मुठीवरून सारखा घसरतो. त्याने आता अंगठ्याची ओढ शिकावी की आहे तीच पद्धत सुधारावी? शिवाय त्याने आणखी एक शंका विचारली आहे. ऑलिंपिकमध्ये दोरीला अंगठा कुणी लावतच नाही, मग अंगठा गेल्याने एकलव्याचे एवढे काय बिघडले?

आधी एकलव्याकडे जाऊ, कारण आखूड धनुष्याचे उत्तर तिथेच सापडते.

आदिपर्वातली कथा नीट वाचली तर दिसते, की अंगठा कापून दिल्यावरही एकलव्याने बाण मारणे सोडलेले नाही. तो बोटांनी ओढू लागला, पण पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही, एवढेच तिथे म्हटले आहे. अचूकता गेली किंवा जोर गेला असा उल्लेख नाही. त्याच्या आधीचा कुत्र्याचा प्रसंगही वेगाचाच आहे. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात त्याने जणू एकाच वेळी सात बाण मारले, आणि पांडव चकित झाले ते या हस्तलाघवामुळे. ज्याने हे लिहिले त्याला धनुष्य हातात घेण्याचा अनुभव होता किंवा तो अनुभवी माणसांत वावरलेला होता, असे मला मनापासून वाटते. अंगठ्याची आणि बोटांची, दोन्ही ओढी ज्याने वापरल्या आहेत तोही आज हेच सांगेल. बोटांनी नेम साधतो, जोरही लागतो. पण सलग बाण सोडायचे असतील तर अंगठ्याला तोड नाही.

हा वेग कुठून येतो ते पाहू. उजव्या हाताने ओढणारा माणूस धरून चालू. तीन बोटांच्या ओढीत तर्जनी बाणाच्या शेपटीतल्या खाचेच्या (जिच्यात दोरी बसते) वर, मधले बोट आणि अनामिका खाली असते, आणि बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकतो. अंगठ्याच्या ओढीत अंगठा खाचेच्या खाली दोरीला आकड्यासारखा अडकतो, त्याच्या नखावर तर्जनी कडी लावल्यासारखी बसते, आणि बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला टेकतो. भाता कमरेला उजवीकडे असेल तर बाण काढलेला हात सरळ वर येतो आणि उजव्या बाजूनेच दोरीला भिडतो. डाव्या बाजूला बाण ठेवायचा तर तो धनुष्याच्या पलीकडे न्यावा लागतो. एका बाणाला हा फरक नगण्य आहे, पण धावत्या घोड्यावरून एकामागून एक बाण सोडताना तोच निर्णायक ठरतो. अंगठ्याच्या ओढीत तर्जनीचा बाजूचा भाग बाणाला धनुष्याकडे दाबूनही ठेवतो. त्यामुळे घोडा उसळला किंवा स्वाराने मागे वळून बाण मारला तरी बाण जागचा हलत नाही.

बाण कोणत्या अंगाला ठेवायचा ही आवडीनिवडीची बाब नाही. दोरी बोटांवरून सुटते तेव्हा ती सरळ पुढे जात नाही, बोटांच्या टोकांवरून निसटताना किंचित डावीकडे सरकते. अंगठ्यावरून सुटली की उजवीकडे सरकते. दोरी सरकते त्या बाजूला बाणाची शेपटी ढकलली जाते. बाण त्याच अंगाला असेल तर तो आधी धनुष्याला टेकून वाकतो, मग उलटा लवून धनुष्याला वळसा घालत निघून जातो. चुकीच्या अंगाला ठेवला तर पहिल्याच झटक्यात धनुष्यापासून दूर फेकला जातो. तुमचा बाण का घसरतो हे आता लक्षात येईल. आखूड धनुष्यावर दोरीचा कोन अरुंद होतो, वरची आणि खालची बोटे एकमेकांकडे दाबली जातात, त्यांच्या चिमटीत खाच सापडते. त्यातच बोटे जास्त वळवली की दोरीला पीळ बसतो आणि बाणाचे पुढचे टोक मुठीवरून उचलले जाते. अनामिका सोलवटते तीही याच कोनामुळे.

ऑलिंपिकमधली रिकर्व्ह धनुष्ये साधारण ६६ ते ७० इंचांची असतात. पूर्ण ओढल्यावरही त्यांच्या दोरीचा कोन इतका मोकळा राहतो, की तीन बोटे सुखाने मावतात. तुमचे ५० इंचांचे धनुष्य २८ इंच ओढले की दोरी जवळजवळ एका बिंदूत मोडते, आणि त्या बिंदूत अंगठा मावतो, तीन बोटे मावत नाहीत. हात तुमचा जुनाच आहे, चांगला शिकलेला आहे. त्याला धनुष्य वेगळे मिळाले आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की या धनुष्यावर अंगठ्याचीच ओढ शिका. रिकर्व्हवर तीन बोटेच ठेवा. दोन्ही सवयी एकाच माणसात नांदतात, माझ्याकडे शिकणाऱ्यांमध्ये हे मी नेहमी पाहतो.

इथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. आखूड धनुष्याला अंगठा, लांब धनुष्याला बोटे, इतका साधा हिशेब असेल तर जपानचे काय? जपानी धनुष्य २ मीटरहून लांब, तरीही तिथे अंगठाच. क्यूदोमध्ये, म्हणजे जपानी तिरंदाजीत, उजव्या हाताला युगाके नावाचा कातडी हातमोजा घालतात. त्याचा अंगठा आतून कडक केलेला असतो आणि त्याच्या मुळाशी दोरी अडकवायला खाच असते. मूठ धनुष्याच्या मधोमध न धरता खालून सुमारे एक तृतीयांशावर धरतात आणि दोरी कानामागे जाईल इतकी ओढतात. बाण सुटल्यावर चांगल्या धनुर्धराच्या हातात धनुष्य स्वतःभोवती फिरते आणि दोरी हाताच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबते. म्हणजे लांबी हे एकच कारण नाही; ओढ किती लांब आणि हात कुठवर जाणार यावरही बरेच ठरते. तीन बोटांनी हात हनुवटीपाशी किंवा ओठांच्या कोपऱ्यापाशी स्थिर होतो, अंगठ्याने तो सहज कानापर्यंत आणि पुढेही जातो. एकाच माणसाच्या ओढीत यामुळे ३ ते ४ इंचांचा फरक पडतो. आपल्या पुराणांतले योद्धे आकर्ण धनुष्य ओढतात ते याच जातीचे.

आपल्याकडच्या धनुर्वेदाच्या ग्रंथांत हे सगळे फार बारकाईने नोंदलेले आहे आणि त्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही याचे मला वाईट वाटते. वसिष्ठांच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात दोरी धरण्याच्या पाच मुठी दिल्या आहेत: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी आणि काकतुंडी. मत्सरीत तर्जनीचे टोक अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी बसते, काकतुंडीत ते अंगठ्याच्या टोकावर येते आणि ती सूक्ष्म लक्ष्यासाठी सांगितली आहे. हात कुठवर ओढायचा याचेही प्रकार आहेत: केसांच्या मुळाशी तो कैशिक, कानाशी वत्सकर्ण, मानेशी भरत, खांद्याशी स्कंध. प्रत्येक कामाला वेगळी मूठ आणि वेगळी ओढ. अरबी धनुर्विद्येतही अंगठ्याच्या मुठींना बोटांवर मोजायच्या जुन्या रीतीतल्या आकड्यांची नावे होती. त्यांतली ६३ ची मूठ सर्वांत भक्कम मानली जाई, कारण तिच्यात तर्जनी अंगठ्यावर घट्ट बसते. ती आणि आपली मत्सरी मी लागोपाठ धरून पाहतो तेव्हा मला फार थोडा फरक जाणवतो.

बोटांच्या रक्षणाचा विचारही जुनाच. रामायण-महाभारतातले वीर घोरपडीच्या कातड्याचे अंगुलित्राण बांधून निघतात. मुघल काळात अंगठ्यात जेड, हस्तिदंत, शिंग किंवा धातूची अंगठी दिसते. शाहजहानच्या बिरुदाचा लेख असलेली जेडची अशी अंगठी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर तिचा आकार मुद्दाम निरखून बघा. ती दागिन्याच्या अंगठीसारखी सगळीकडून सारखी नसते. एका बाजूला जिभेसारखा भाग पुढे आलेला असतो, तो अंगठ्याच्या पेरावर येतो आणि दोरी त्याच्या मागे बसते.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड मोर्स यांनी १८८५ मध्ये जगभरच्या बाण सोडण्याच्या रीतींची वर्गवारी केली, ती अजूनही कामाची आहे. त्यातली सर्वांत साधी म्हणजे अंगठा आणि वळवलेली तर्जनी यांच्या चिमटीत बाणाची शेपटीच धरून ओढणे. कुठल्याही लहान मुलाच्या हाती धनुष्यबाण द्या, तो आपोआप असेच ओढतो. हलक्या धनुष्याला ती पुरते, जड धनुष्यावर चिमूट निसटते. पुढच्या दोन प्रकारांत चिमटीला इतर बोटांची टोके दोरीवर लावून मदत केली जाते. उत्तर अमेरिकेतल्या मूळ जमातींमध्ये त्या रीती होत्या. फक्त तर्जनी आणि मधले बोट वापरण्याची दोन बोटांची रीत युरोपातही होती. सातपुड्यातल्या अलीराजपूर भागात भिल्ल तिरंदाज अंगठा दोरीला लावत नाहीत, तर्जनी आणि मधल्या बोटाने ओढतात आणि त्याचे नाते एकलव्याशी सांगतात. बांबूचा तीरकमठा आणि बांबूच्याच चिवाटीची दोरी, त्यावर ही ओढ चपखल बसते. तिला कमी प्रतीची समजणारे लोक भेटतात तेव्हा मला राग येतो. झाडीत, जवळच्या अंतरावर, उभ्या जागी मारायला तिच्यात काहीच उणे नाही.

तीन बोटांचीच एक आवृत्ती म्हणजे तिन्ही बोटे खाचेच्या खाली ठेवणे. बेअरबो, म्हणजे नेमाचे साधन न लावलेले धनुष्य, मारणाऱ्यांमध्ये ती आता रुळली आहे. बाण डोळ्याच्या जवळ येतो, त्याच्या काडीवरून बघता येते, आणि अंतराप्रमाणे दोरीवर हात खाली सरकवून नेम बदलता येतो. लक्ष्यावर मारायचे असेल तर मला ती आवडते. आखूड धनुष्यावर मात्र तिचा फायदा नाही. चिमटीचा त्रास कमी होतो, कोनाचा होत नाही.

अंगठ्याने नेम कमी बसतो का, हे मला सारखे विचारले जाते. नवशिक्याचा बसतो, हे खरे आहे. तीन बोटांच्या ओढीत दोरी नाकाला आणि हनुवटीला स्पर्श करते, हात जबड्याखाली टेकतो. चेहऱ्यावरच्या या खुणांमुळे रोजचा अँकर, म्हणजे ओढलेला हात थांबायची जागा, एकच राहतो. अंगठ्याच्या ओढीत हात कानाशी मोकळा राहतो, तिथे स्थिर व्हायला पाठीचे स्नायूच कामी येतात. त्यामुळे १८ किंवा ३० मीटरवर तीन बोटांचे विद्यार्थी लवकर गट जमवतात, म्हणजे बाण जवळजवळ लावतात. आपल्याकडच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात बांबूच्या धनुष्यावर तीन बोटांनीच शिकवतात ते योग्यच आहे. पण अंगठ्यात अचूकता नसते असे कुणी म्हटले, तर कोरियाकडे बघा. तिथे पारंपरिक तिरंदाजीचे लक्ष्य १४५ मीटरवर उभे असते आणि अंगठ्याने, शिंगाच्या आखूड धनुष्याने, लोक त्यावर बाण मारतात. मंगोलियात नादाम या सणाच्या वेळी पुरुष ७५ मीटरवरून मारतात, तेही अंगठ्यानेच. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये (चाके लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात) जगज्जेतेपद मिळवल्यापासून आपल्याकडे तिरंदाजीची आवड वाढली आहे, याचा मला आनंद आहे. पण कंपाउंडमध्ये दोरी बोटे सोडत नाहीत, हातात धरलेले रिलीज नावाचे छोटे यंत्र सोडते, त्यामुळे त्या खेळाची तुलना इथे उपयोगाची नाही.

आता शिकायचे कसे ते. आधी एक धोका सांगतो, कारण या टप्प्यावर लोक जखमी होतात. अंगठ्याने तुम्ही ३ ते ४ इंच जास्त ओढणार. रिकर्व्हचे जुने बाण त्या ओढीला आखूड पडतील. बाणाचे टोक मुठीच्या आत आले आणि तेवढ्यात दोरी सुटली, तर बाण थेट डाव्या हातात घुसतो. म्हणून आधी लांब बाण घ्या, मगच कानापर्यंत ओढा. धनुष्यावर किती इंचांपर्यंत ओढायची परवानगी लिहिली आहे तेही बघा. २८ इंचांसाठी घडवलेले लाकडी लाँगबो (साधे लांब धनुष्य) ३२ इंच ओढले तर ते मोडू शकते. शिवाय ओढ वाढली की धनुष्याचे वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, हेही वाढते. साधारण इंचाला २ ते ३ पौंड धरा. २८ इंचांवर ४० पौंड लिहिलेले धनुष्य कानापर्यंत नेले की हातावर ५० च्या आसपास येते. अंगठ्याला ते सुरुवातीला झेपत नाही. म्हणून शिकण्यासाठी १५ ते २० पौंडांचे हलके धनुष्य कुणाकडून तरी मागून आणा.

पहिले काही दिवस धनुष्यही नको. मजबूत सुतळीचा फास करा, एक टोक डाव्या हातात धरा, दुसऱ्यात अंगठा अडकवा आणि ओढून सोडायचा सराव करा. भार अंगठ्यावर हवा. तर्जनी फक्त कडी आहे, तिने ओढायचे नाही. तर्जनीच्या बाजूला फोड आला किंवा सुटताना बाण झटका खाऊ लागला, तर समजा की तर्जनी ओढायला लागली आहे. मनगट सरळ ठेवा, हाताचा मागचा भाग वरच्या दिशेला किंचित झुकवा, म्हणजे तर्जनीचे मूळ बाणाला हलकेच धनुष्याकडे दाबेल. हलकेच म्हणतो ते मुद्दाम. जास्त दाबले तर बाणाची काडी वाकते आणि तो डावीकडे जातो. सोडताना अंगठा आणि तर्जनी एकदम सैल करायची, हात मागे सरळ रेषेत जाऊ द्यायचा. बोटे पुढे फेकून उघडू नका.

लगेच अंगठी घेऊ नका. पातळ, मऊ कातड्याचा अंगठ्याचा पट्टा बांधा, त्यातून दोरी कुठे बसते ते हाताला कळते. अंगठी घेताना ती आडवी धरली तर सांध्यावरून जावी आणि फिरवल्यावर तिथेच अडकावी, असा आतला आकार लंबगोल हवा. गोल आणि सैल अंगठी दोरीबरोबर उडून जाते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बोटे दुपारी फुगतात, सकाळी बसलेली अंगठी दुपारी आवळते. आत कातड्याची पातळ पट्टी चिकटवा, ती काढता-घालता आली तर दिवसभर एकच अंगठी चालते. दोरी अंगठ्याच्या पहिल्या सांध्याच्या घडीपाशी हवी, नखाकडे सरकलेली नको. नखाखाली रक्त साकळायला लागले तर त्या दिवशी थांबा.

डाव्या हातालाही सवय लावावी लागेल. आखूड धनुष्यावर बाण ठेवायची फळी नसते, बाण डाव्या अंगठ्यावर टेकतो आणि पिसांचे पुढचे टोक निघताना त्वचा कापू शकते. पिसांच्या पुढच्या टोकावर दोरा गुंडाळून गोंद लावा आणि अंगठ्याला कापडी चिकटपट्टी बांधा. बाण फार हलके वापरू नका. अशा धनुष्याला ओढीच्या दर पौंडामागे ८ ते १० ग्रेन (बाण तोलायचे बारीक माप) वजनाचा बाण योग्य. हलका बाण लांब जातो हे खरे, पण उरलेला धक्का धनुष्य सोसते. बाण न लावता ओढून सोडायचे तर कधीच नाही.

दोन्ही पद्धती एकाच दिवशी एकाआड एक करू नका. सुरुवातीला आठवड्याचे वेगळे दिवस ठेवा: क्लबच्या दिवशी रिकर्व्ह आणि तीन बोटे, इतर दिवशी आखूड धनुष्य आणि अंगठा. लक्ष्य पाच-सहा मीटरवर ठेवा, मोठे ठेवा, त्यावर गुणांची वर्तुळे नसली तर उत्तम. सुरुवातीचे बाण इकडेतिकडे पसरतील. ते सोडून फक्त एक गोष्ट तपासा: प्रत्येक बाण सुटल्यावर उजवा हात कानामागे सरळ गेला आहे की बाहेर फेकला गेला आहे. तो सरळ जाऊ लागला की बाण आपोआप एकत्र येऊ लागतात, मग लक्ष्य मागे न्या.